सरकारी प्रकल्पात कंत्राटावर काम करताय? ऑर्डरपासून अनुभव प्रमाणपत्रापर्यंत काय सांभाळायचं

पंचायत समिती, जिल्हा परिषद, महापालिकेचा आरोग्य विभाग, कृषी कार्यालय. कुठेही जा, योजनांचं रोजचं काम प्रकल्पावरच्या माणसांच्या हातून होताना दिसेल. डाटा एंट्री ऑपरेटर, तालुका समन्वयक, प्रभाग समन्वयक, तांत्रिक सहाय्यक, गृहनिर्माण अभियंता, लेखापाल. कार्यालय तेच, साहेब तेच, टेबलही कायम कर्मचाऱ्याच्या शेजारी. पण पगार कधी होणार, रजा कोण मंजूर करणार, दौऱ्यावर दुचाकी घसरली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, असं विचारलं की कार्यालय म्हणतं "एजन्सीला विचारा" आणि एजन्सी म्हणते "कार्यालयाकडून बिल निघालं नाही".

या टोलवाटोलवीत वर्षं जातात. त्यातून सुटायचं तर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: माणसं पुरवणारी एजन्सी दर महिन्याला कार्यालयाला बिल सादर करते, आणि त्या बिलावर सही करणारा अधिकारी सरकारी असतो. तुमचा पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) हे सगळं त्या सहीआधी तपासता येतं. म्हणून तुमचा प्रत्येक अर्ज त्या टेबलापर्यंत पोचला पाहिजे. पुढे जे सांगतोय ते याच धाग्याने.

आधी ठरवा, तुमचा मालक कोण

नेमणुकीची ऑर्डर बाहेर काढा आणि शेवटी सही कोणाची आहे ते पाहा. साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला, थेट करार: राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या ठिकाणी सोसायटी किंवा अभियान स्वतः ११ महिन्यांची ऑर्डर देतं आणि मुदतवाढ देत राहतं. दुसरा, बाह्यस्रोत: माणूस एजन्सीचा, काम कार्यालयाचं. तिसरा, सल्लागार कंपनीचा कर्मचारी, जो प्रकल्प व्यवस्थापन कक्षात बसतो. स्मार्ट सिटी किंवा जागतिक बँकेच्या प्रकल्पांत असे बरेच जण असतात.

६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग खुला केला होता. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने तो निर्णय मागे घेतल्याचं जाहीर केलं. त्यामुळे "आता एजन्सी पद्धत बंद झाली" असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. योजनानिहाय निविदा काढून माणसं घेणं चालूच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या आहेत. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत एक तरतूद आपल्यासाठी फार मोलाची आहे. ही संहिता केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही, पण त्याच कार्यालयात ठेकेदारामार्फत नेमलेल्या कंत्राटी कामगारांना मात्र लागू आहे. "सरकारी कार्यालयाला कामगार कायदा लागत नाही" असं कोणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा. ज्या ठेकेदाराकडे ५० किंवा अधिक कंत्राटी माणसं आहेत त्याला कंत्राटी कामगारांचं प्रकरण लागू होतं. जिल्हाभर माणसं पुरवणारी एजन्सी सहसा या आकड्याच्या पुढेच असते.

थेट करारावर असणाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे. वेतन संहितेतलं वेतन अदा करण्याचं प्रकरण सरकारी आस्थापनांना आपोआप लागू होत नाही. त्यासाठी सरकारने वेगळी अधिसूचना काढावी लागते. तुमच्यासाठी विभागातली तक्रार, संघटना आणि गरज पडल्यास उच्च न्यायालय हाच मार्ग. बाकी बऱ्याच गोष्टी, विशेषतः मातृत्व रजा आणि लैंगिक छळाविरुद्धचं संरक्षण, सगळ्यांना सारख्याच आहेत.

कागद: एक फाइल, पहिल्या दिवसापासून

नियुक्तीपत्र मागा. नव्या संहितेनुसार ते देणं मालकाचं काम आहे. त्यात पद, वेतन, कामाचं ठिकाण आणि कालावधी असलाच पाहिजे. व्हॉट्सॲपवर "उद्यापासून जॉइन व्हा" आलं असेल तर तोही स्क्रीनशॉट ठेवा, पण त्यावर थांबू नका.

फाइलमध्ये काय काय हवं? रुजू अहवालाची पोच, प्रत्येक मुदतवाढीची ऑर्डर, दर महिन्याच्या हजेरीपत्रकाचा फोटो (कार्यालयाने प्रमाणित केलेल्या), वेतनचिठ्ठी, दौऱ्याच्या नोंदी, बँकेचा उतारा. दोन ऑर्डरींच्या मधे एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड देतात तेव्हा त्या दिवशी तुम्ही कामावर असलात तर त्याचा पुरावा आवर्जून जपा: पाठवलेला ईमेल, पोर्टलवरची नोंद, सही केलेला कागद. पुढे सलग सेवेचा प्रश्न आला की याच दोन दिवसांवर वाद होतो.

आणि तोंडी काही नको. साहेब कितीही चांगले असोत, त्यांची बदली होते. अर्ज दोन प्रतींत न्या, एक आवक शाखेत द्या, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आवक लिपिक टाळाटाळ करत असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा किंवा कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर टाका. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच कामाला येत नाही.

वेतनचिठ्ठी आणि पीएफ पासबुक एकमेकांशेजारी ठेवून वाचा

इथे जरा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच गळतात.

समजा, ऑपरेटरचं मूळ वेतन १८,००० रुपये आहे आणि एजन्सी १५,००० च्या मर्यादेवर पीएफ भरते. तुमच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफ, ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये ईएसआयसी, आणि पुरुष असाल तर २०० रुपये व्यवसाय कर (फेब्रुवारीत ३००). हातात १५,८६५ रुपये यायला हवेत. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक वेतनावर व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांच्या हातात १६,०६५. कपात यापेक्षा जास्त असेल तर प्रत्येक रुपयाचं कारण लेखी मागा. गणवेश, ओळखपत्र, "सर्व्हिस चार्ज", "फाइल चार्ज" या नावांनी होणारी कपात मान्य करू नका.

आता मालकाचा वाटा: पीएफ १,८००, विमा योजनेचे ७५, पीएफ प्रशासनाचे ७५, ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ५८५. एकूण २,५३५ रुपये. हे १८,००० च्या वर असतात आणि एजन्सी ते कार्यालयाकडून बिलात घेते. मालकाचा वाटा कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापायला पीएफच्या नियमांत मनाई आहे. तरीही अनेक ठिकाणी दोन्ही वाटे कर्मचाऱ्याच्याच वेतनातून जातात. तुमच्या पदासाठी निविदेत वेतन किती आणि मालकाचा वाटा वेगळा दाखवला आहे का, हे कळल्याशिवाय ही चोरी उघड होत नाही. ते कळायचा मार्ग पुढे सांगतो.

पासबुक उमंग ॲपवर दिसतं. यूएएनला (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाला) जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शेवटचा भरणा मेसेजमध्ये येतो. वरच्या उदाहरणात पासबुकात तुमचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५० असे तीन आकडे दिसतील. मालकाचे फक्त ५५० का, म्हणून घाबरू नका. त्याच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले गेले पाहिजेत. दोन महिने ओळीने नोंद नसेल तर लगेच हालचाल करा. एजन्सीचं कंत्राट संपल्यावर तिला शोधत बसणं फार अवघड जातं.

ईएसआयसी २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे, दिव्यांगांसाठी मर्यादा २५,०००. कार्ड तुमच्या हातात हवं आणि कुटुंबाची नावं त्यात चढलेली हवीत. घरात कोणी ॲडमिट झाल्यावर नावं घालायला धावणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या वेळी एजन्सीचा माणूस फोन उचलत नाही.

पगार अडकला तर

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देणं एजन्सीवर बंधनकारक आहे, आणि तोही बँकेतूनच. "शासनाचं अनुदान आलं नाही" हे कारण एजन्सीला आपोआप सोडवत नाही. अनेक निविदांत कार्यालयाचं बिल निघो न निघो, वेतन एजन्सीने आधी स्वतःच्या खिशातून द्यायचं अशी अट असते. तुमच्या करारात ती आहे का ते पाहा. एजन्सीने पगार दिला नाही तर मुख्य नियोक्ता म्हणजे कार्यालय तो देण्यास जबाबदार असतं, आणि नंतर एजन्सीच्या देयकातून वसूल करू शकतं. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे.

अर्ज असा लिहा:

"प्रति, गटविकास अधिकारी. विषय: माहे ऑगस्ट व सप्टेंबरचे वेतन न मिळाल्याबाबत. महोदय, मी आपल्या कार्यालयात अमुक एजन्सीमार्फत डाटा एंट्री ऑपरेटर पदावर कार्यरत आहे. दोन्ही महिन्यांची माझी हजेरी आपल्या कार्यालयाने प्रमाणित केली आहे. एजन्सीने अद्याप वेतन अदा केलेले नाही. मुख्य नियोक्ता या नात्याने आपण एजन्सीकडून सात दिवसांत वेतन अदा करून घ्यावे. एजन्सीने तसे न केल्यास कार्यालयाने थेट अदा करून एजन्सीच्या देयकातून वसूल करावे, ही विनंती. सोबत: हजेरीपत्रक व बँक उताऱ्याची प्रत. प्रत: एजन्सी व्यवस्थापक, सहायक कामगार आयुक्त."

यात कोणावर आरोप नाही, आवाज चढवलेला नाही, तरी जबाबदारी नेमकी कोणाची हे कागदावर आलं. शक्य असेल तर सगळ्यांनी एकाच अर्जावर सह्या करा; एकट्याचं नाव पुढे आलं की मुदतवाढीच्या वेळी तेच डोळ्यांवर येतं. सात दिवसांत काही झालं नाही तर जिल्ह्यातल्या सहायक कामगार आयुक्तांकडे किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार द्या. रेल्वे, केंद्रीय कार्यालयं, केंद्राचे उपक्रम इथे काम करत असाल तर तक्रार केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जाते, त्यासाठी समाधान पोर्टल आहे. पीएफची तक्रार ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर, यूएएन टाकून. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, पण इतकं थांबण्यात शहाणपण नाही.

माहिती अधिकार: बिलाला काय जोडलंय ते पाहा

कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, म्हणून फापटपसारा नको. चार गोष्टी मागा: एजन्सीशी झालेला करारनामा, निविदेतला पदनिहाय दरतक्ता, अमुक ते अमुक महिन्याची एजन्सीची मंजूर देयकं, आणि त्या देयकांसोबत जोडलेली पीएफ व ईएसआयसीची चलनं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

कागद हातात आले की दरतक्ता आणि तुमची वेतनचिठ्ठी समोरासमोर धरा. कार्यालय ज्या रकमेचं बिल देतंय आणि तुमच्या खात्यात जे येतंय त्यातली तफावत तिथेच दिसते. नोकरीवर असताना स्वतःच्या नावाने अर्ज टाकायची भीती वाटत असेल तर संघटनेच्या पदाधिकाऱ्याने किंवा घरच्या कोणी टाकला तरी चालतो. अर्ज कोणत्याही नागरिकाला करता येतो आणि कारण द्यावं लागत नाही.

बसायची जागा, स्वच्छतागृह, दौरा

पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या सोयी कंत्राटी माणसांना पुरवणं नव्या संहितेत थेट मुख्य नियोक्त्याचं काम आहे. प्रकल्प कक्ष अनेकदा जुन्या गोदामात किंवा जिन्याखालच्या खोलीत थाटलेला असतो आणि महिलांना स्वच्छतागृहासाठी दुसऱ्या इमारतीत जावं लागतं. याची तक्रार करायला संकोच वाटतो, म्हणून ती कधी कागदावर येतच नाही. महिला सहकाऱ्यांनी दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि मग मूत्रमार्गाच्या त्रासाने औषधं घ्यायची, हे तालुक्याच्या कार्यालयांत सर्रास चालतं. सामूहिक अर्जात हा मुद्दा पहिला घाला.

दौऱ्याबाबत: लेखी दौरा आदेश किंवा निदान मंजूर दौरा कार्यक्रम नसेल तर गावाला जाऊ नका. अपघात झाला तर "हा कामावर होता" हे त्याच कागदाने सिद्ध होतं. अपघाताची खबर त्याच दिवशी कार्यालय आणि एजन्सी दोघांना लेखी द्या. ईएसआयसी असेल तर घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासातला अपघातही ठरावीक अटींवर कामातला धरला जातो. ईएसआयसी नसेल तर भरपाईचा दावा मालकावर येतो आणि तो दोन वर्षांच्या आत करायचा असतो. प्रवासभत्ता तुमच्या ऑर्डरीत लिहिलेला नसेल तर रुजू होतानाच तो मुद्दा उपस्थित करा. पेट्रोल स्वतःच्या पगारातून घालत राहिलात की तीच प्रथा पडते.

साहेबांचं लॉगिन आणि डोंगल

हा धोका बाहेरच्यांना कळत नाही. रोजगार हमी, घरकुल, निधी वर्ग करणं अशा कामांत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचा डोंगल आणि पासवर्ड ऑपरेटरच्या टेबलावर असतो. साहेब दौऱ्यावर, हप्ता आजच सोडायचा, म्हणून ऑपरेटरच सही मारून टाकतो. काम होतं, सगळे खूश. पण चुकीच्या खात्यात पैसे गेले की चौकशीत पहिलं नाव ऑपरेटरचं येतं, आणि त्याच्या पाठीशी कोणी उभं राहत नाही.

म्हणून डोंगल ताब्यात घेऊ नका. घ्यावाच लागला तर लेखी आदेश मागा. आदेश मिळत नसेल तर एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या यादीचा हप्ता, आणि रोज संध्याकाळी "आज आपल्या सूचनेनुसार अमुक यादी पुढे पाठवली" असा एक ईमेल किंवा मेसेज साहेबांना टाका. स्वतःचा पासवर्ड सहकाऱ्याला देऊ नका. तुमच्या वैयक्तिक मोबाइलवर लाभार्थ्यांच्या आधार कार्डांचे फोटो साठवू नका.

रात्रीचे मेसेज, व्हिडिओ मीटिंग आणि मार्चएण्ड

रात्री दहाला ग्रुपवर तालुकानिहाय क्रमवारी पडते, तळाच्या तीन तालुक्यांना लाल रंग, आणि सकाळी सातला "खुलासा सादर करा". कायद्यात दिवसाचे आठ तास आहेत आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला आहे, पण प्रकल्पाच्या कामात तो मागणारा विरळाच. माझं मत स्पष्ट आहे: रंगीत तक्त्यात नाव टाकून माणसाला सगळ्यांसमोर खजील करणं ही देखरेख नव्हे. त्याने आकडे वाढतात, काम वाढत नाही, आणि खोटी नोंद करायची सवय लागते.

करता येण्यासारखं काय? जादा तासांची नोंद ठेवा. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी लेखी मागा. उद्दिष्ट अशक्य असेल तर कारण आकड्यांसह आधीच कळवा: "मंजूर घरकुलं इतकी, वाळू उपलब्ध नाही, जागेचा वाद इतक्यांचा". आधी कळवलेलं कारण आणि नोटीस आल्यावर दिलेला खुलासा यांच्या वजनात मोठा फरक असतो. झोप उडाली, छातीत धडधड होते, जगण्यावरची इच्छाच गेल्यासारखं वाटतं, असं काही जाणवत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं आणि दिवसरात्र चालू असतो. सहकारी गप्प गप्प झाला असेल तर त्याच्या शेजारी बसून तुम्हीच नंबर लावून द्या.

महिला कर्मचाऱ्यांसाठी दोन गोष्टी

मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ईएसआयसीत असाल तर लाभ तिथून मिळतो आणि अंशदानाच्या दिवसांची अट वेगळी असते. ऑर्डर रजेच्या मधेच संपली तर? दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की कराराची मुदत संपली म्हणून मातृत्व लाभ थांबवता येत नाही. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, हंगामी, एजन्सीमार्फत आलेली अशी प्रत्येक महिला येते. दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान कार्यालय असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मुदत तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन. "तुम्ही एजन्सीच्या, आमच्या समितीत तक्रार येत नाही" हे उत्तर चुकीचं आहे.

बिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी

चालू महिन्याचं बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयसी चलन आणि नावांची यादी हजेरीपत्रकाशी जुळवून पाहा. नुसतं चलन पुरेसं नाही. एजन्सी दुसऱ्या जिल्ह्याचं चलनही जोडू शकते, म्हणून यूएएननिहाय यादी हवी. वेतन बँकेत गेल्याचा पुरावा हवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते झालं तर तुमच्या कक्षातल्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

जागतिक बँकेच्या २०१८ नंतरच्या चौकटीतले प्रकल्प असतील तर कामगारांसाठी वेगळी तक्रार यंत्रणा आणि कामगार व्यवस्थापनाची लेखी कार्यपद्धती असणं बंधनकारक आहे, ठेकेदाराच्या माणसांसह. कर्मचाऱ्यांनीही ती कागदपत्रं मागून घ्यावीत. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ती सहसा असतात.

कायम होण्याबद्दल

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने नुसत्या वर्षांच्या सेवेवर कायम होण्याचा हक्क नाकारला. २०१६ मध्ये जगजितसिंग प्रकरणात समान कामाला समान वेतनाचं तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केलं गेलं, आणि डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालाने कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं हंगामी नावाखाली करून घेण्यावर कडक ताशेरे ओढले. दारं पूर्ण बंद नाहीत, पण प्रत्येक प्रकरण कागदांवर उभं राहतं. "कायम करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

प्रकल्प संपताना

शेवटच्या दिवसाआधी अनुभव प्रमाणपत्र कार्यालयाच्या जावक क्रमांकासह घ्या. एजन्सीच्या लेटरहेडवरच्या प्रमाणपत्राला पुढच्या भरतीत बरेचदा विचारत नाहीत. शेवटचा पगार एजन्सीने दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. पीएफमध्ये सोडल्याची तारीख चढली आहे का ते पाहा, नाहीतर पुढे पैसे हलत नाहीत. आणि नवीन एजन्सीकडे रुजू होताना जुनाच यूएएन द्या. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. दर वेळी पैसे काढून नवा क्रमांक घेतला तर ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.